ऑगस्टचं मैदान

ऑगस्टचा फोटो आला नव्हता. बाकीचे अकरा महिने आपापल्या पानावर जाऊन बसले होते आणि घड्याळात सव्वाचार वाजले होते. पाच वाजता कॅलेंडरची डमी बेअरिंगच्या कारखान्यात पोहोचायला हवी होती, कारण कारखान्याचे मोठे साहेब पाच ते साडेपाच एवढाच वेळ ती बघणार होते.

कॅलेंडरचा विषय साहेबांनीच दिला होता: जगातली बारा गोल्फ मैदानं, आयुष्यात एकदा तरी जाऊन खेळावीत अशी. जानेवारीत समुद्राच्या कड्यावरचं मैदान होतं. तिथे फटका चुकला की चेंडू खाली लाटांत. मार्चचं मैदान ज्वालामुखीच्या काळ्या दगडांमधून गेलं होतं. जूनचं इतकं उत्तरेला होतं की तिथे मध्यरात्रीही उन्हात खेळता येत होतं. ऑगस्टला एका बेटावरचं मैदान येणार होतं. ते अजून कारखान्याच्या सेक्रेटरीबाईंच्या संगणकात कुठेतरी अडकलं होतं.

पानं लावण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना छापखान्यात सगळे बिनचूकराव म्हणत. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून चुकीचं पान छापायला गेलं नव्हतं. ते वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रातही शुद्धलेखन तपासत आणि मगच आनंद मानत.

"डमीच आहे, बिनचूकराव," मालक म्हणाले. हे धाकटे मालक. थोरल्या मालकांनी बिनचूकरावांना नोकरीला ठेवलं तेव्हा हे शाळेत होते. "दुसरा कुठलातरी हिरवा फोटो टाका. खरा आला की बदलू."

हे छापखान्याच्या रीतीला धरूनच होतं. डमी म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायची नमुना प्रत. तिच्यात रिकामी जागा वाईट दिसते, म्हणून तात्पुरता फोटो टाकायचा आणि खाली 'येथे मजकूर येईल' असं लिहायचं. बिनचूकरावांनी फोन काढला. त्यात सकाळीच काढलेला एक हिरवा फोटो होता. त्यांच्या गॅलरीसमोर रस्त्यापलीकडे शहराच्या पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी होती. टाकीच्या छतावर माती टाकून गवत लावलेलं होतं, आणि त्या गवतात नऊ लहान झेंडे रोवलेले होते. टाकीचे नऊ कप्पे. प्रत्येक कप्प्याला वीतभर रुंदीचं एक झाकण. गवत कापण्याच्या यंत्राचं पातं त्या झाकणांवर आपटू नये म्हणून टाकीच्या राखणदारानं खूण म्हणून झेंडे लावले होते. बायकोला आपल्या बहिणीला दाखवायचं होतं की आमच्या गॅलरीतून किती छान दिसतं. म्हणून फोटो.

गोल्फच्या मैदानावरही प्रत्येक होलमध्ये, म्हणजे चेंडू घालायच्या खळीत, असाच झेंडा असतो, त्यामुळे फोटो पानात असा बसला की जणू ऑगस्टचं माप घेऊनच काढला होता.

"वा!" मालक म्हणाले. "आता खाली 'येथे मजकूर येईल' लिहू नका. साहेब विचारतील, मजकूर कुठाय. खरं वाटेल असं काहीतरी टाका."

"खोटं लिहू?"

"खोटं नका हो लिहू. खरं वाटेल असं लिहा."

बिनचूकरावांना खोटं लिहिता येत नसे. त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि टाकीबद्दल जेवढं खरं होतं तेवढं लिहिलं: "खासगी जागा. नऊ झेंडे. खाली खोल, शांत पाणी. गवत बारा महिने एकाच उंचीचं. प्रवेश लेखी परवानगीनेच. धावू नये, उड्या मारू नयेत. नाव व पत्ता देता येत नाही." शेवटचं वाक्यही खरंच होतं. दिला असता तर फजिती झाली असती.

डमी पाच वाजता पोहोचली आणि सहा वाजून दहा मिनिटांनी परत आली. प्रत्येक पानावर 'मंजूर' असा शिक्का होता. साडेसहाला बेटाचा फोटो आला. बिनचूकराव हुश्श करून ऑगस्ट बदलायला बसले, तेव्हा मालकांनी त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर एक पाटी होती: 'शिक्का पडलेल्या पानाला कोणीही हात लावू नये.' ही पाटी एकोणीस वर्षांपूर्वी बिनचूकरावांनीच लावली होती. थोरल्या मालकांनी मंजूर झालेल्या एका लग्नपत्रिकेत ऐनवेळी सुधारणा केली होती आणि वऱ्हाड एक दिवस आधी येऊन बसलं होतं.

"पण हे पान मंजूर व्हायलाच नको होतं," बिनचूकराव म्हणाले.

"साहेबांनी स्वतः शिक्का मारलाय. ऑगस्टवर दोनदा मारलाय, बघा."

"मग पुन्हा विचारू त्यांना."

"ते उद्यापासून आठ दिवस कुणाला भेटत नाहीत. आणि छपाई आज रात्रीची आहे. नियम तुमचा, बिनचूकराव. मोडायचा असेल तर तुम्ही मोडा, मी त्यात नाही."

बत्तीस वर्षांची सवय बत्तीस मिनिटांत मोडत नाही. बिनचूकरावांनी ऑगस्टला हात लावला नाही. तीन हजार प्रती छापल्या गेल्या. घरी जाताना त्यांनी मनाची समजूत घातली, की ऑगस्ट यायला अजून आठ-नऊ महिने आहेत, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पुढची पानं आधीच उलटून बघतो कोण?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरीबाईंचा फोन आला.

"साहेबांना ऑगस्टच्या मैदानाची माहिती हवीय. जवळचा विमानतळ कुठला?"

शहराला विमानतळ होता, पण बिनचूकरावांना विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायची खोड होती. "विमानाचा तिथे काही उपयोग नाही, बाई."

"मग रेल्वेनं?"

"रेल्वे तिथे जात नाही."

"बोट?"

"छे, छे."

"अहो, मग माणसं जातात तरी कशी?"

"चालत."

मग हातानं झाकलेल्या फोनमधून बाईंचा आवाज आला, "साहेब, फक्त चालतच जाता येतं म्हणे." त्यामागोमाग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"साहेब विचारतात, मुक्कामाची सोय आहे का?"

"मुक्काम कुणी करत नाही. एक राखणदार असतात. ते कुणाला आत घेत नाहीत. बाई, मी काय सांगतो ते जरा..."

"थांबा, थांबा. आत्तापर्यंत तिथे किती जण खेळलेत?"

"माझ्या माहितीत एकही नाही. बाई, ऐका, ती जागा म्हणजे..."

"साहेबांना दुसरा फोन आलाय. ते म्हणतात, लेखी परवानगीचा अर्ज ते स्वतः लिहितील. संध्याकाळी पाठवते," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, याचं बिनचूकरावांना समाधान वाटलं. ते अर्धा मिनिट टिकलं. मग ते उठून मालकांच्या खोलीत गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मालकांनी चहा मागवला. चहा आला, तो निवला.

"पाण्याची टाकी," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"जगातल्या बारा मैदानांत आपण पाण्याची टाकी घातली."

"डमी होती, मालक. तुम्हीच म्हणालात..."

"मी हिरवं म्हणालो, ओलं नाही म्हणालो!" मालकांनी डोकं धरलं. "हे बघा, बिनचूकराव. वडिलांच्या वेळेपासून तुम्ही इथे आहात, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण साहेबांच्या कारखान्याचं काम म्हणजे आपलं अर्धं काम. खोके, लेबलं, पावत्या, सगळं तिथलं. ते गेलं तर मला एक तरी खुर्ची कमी करावी लागेल. कुणाची, ते तुम्हीच सांगा."

बिनचूकरावांना चोपन्नावं लागलं होतं. पानं लावणारी दुसरीकडची माणसं पंचविशीतली होती, आणि त्यांच्याकडे चुका होत्या पण वेगही होता. ही खुर्ची गेली तर दुसरी मिळणार नव्हती, हे त्यांना मालकांपेक्षा चांगलं कळत होतं.

"एक मार्ग आहे," मालक म्हणाले. "परवानगी नाकारली गेली, असं सांगायचं."

"खोटं सांगायचं?"

"खोटं कशाला? खरोखरच नाकारून घ्या! तो तुमचा राखणदार कुणाला आत घेत नाही ना? अर्ज घेऊन जा, नकार घेऊन या. लेखी. शिक्क्यासकट."

हे बिनचूकरावांना पटलं. राखणदाराला सगळे टाकीवाले म्हणत आणि बिनचूकराव त्यांना चांगले ओळखत होते. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला आत सोडलं नव्हतं. छतावर पडलेले चेंडू परत मागायला आलेल्या मुलांनाही ते आधी अर्ज करायला सांगत. मुलं नवा चेंडू आणत.

संध्याकाळी साहेबांचा अर्ज आला. बिनचूकरावांनी तो घरी जाता जाता वाचला आणि मजकुरात एकही चूक सापडली नाही म्हणून नको तेवढे हळवे झाले. "महोदय," साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "मी एकवीस वर्षं गोल्फ खेळतो आहे. आपल्या मैदानावर एक तास एकट्याने खेळण्याची परवानगी मिळावी. मी धावणार नाही. उड्या मारणार नाही. राखणदार सांगतील ते ऐकेन."

फाटकाजवळच्या खोलीत बसून टाकीवाल्यांनी अर्ज तीनदा वाचला. मग चष्मा काढला आणि पुसला.

"समास सोडलाय," ते म्हणाले.

"हो. पण तुम्ही नाकारा."

"तारीख आहे. कारण आहे. किती वेळ, तेही दिलंय. नियम न विचारता आधीच कबूल केलेत. बावीस वर्षं, बिनचूकराव! बावीस वर्षं मी अर्जाची वाट बघतोय. येणारा प्रत्येक जण फाटकावरून ओरडतो, 'ओ काका, जरा आत येऊ का?' असा अर्ज आजवर कुणी दिला नाही."

"सगळं खरं. तरी नाकारा. माझ्यासाठी."

"कुठल्या नियमाखाली?"

"अहो, टाकीवर गोल्फ खेळतात का कुणी?"

टाकीवाल्यांनी भिंतीवरच्या नियमावलीवरून सावकाश बोट फिरवलं. "पोहू नये. मासे धरू नयेत. जनावरं चारू नयेत. कपडे वाळत घालू नयेत. गोल्फचं काही नाही. 'लेखी अर्जावरून एका वेळी चारपर्यंत व्यक्तींना एक तास प्रवेश देता येईल.' हा तर एकटाच येतोय. चांगल्या माणसाचा नीट अर्ज कारण नसताना फेटाळू? माझ्या नोकरीत ते बसत नाही."

त्यांनी परवानगी लिहून दिली. सोमवार, सकाळी सात ते आठ. वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी', आणि खाली पत्ता.

मालकांनी तो कागद पाहिला, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच पाकिटात घातला. "आता हे वाचल्यावर त्यांना कळायचं ते कळेल," ते म्हणाले. "निदान आपल्याला तोंडानं सांगावं लागणार नाही."

कागद शुक्रवारी दुपारी कारखान्यात पोहोचला. शनिवारी सकाळी उत्तर आलं. सेक्रेटरीबाईंनी एवढंच सांगितलं, "साहेब सोमवारी सातला येतात. तुम्हीही हजर राहा म्हणाले."

"रागावले होते का?"

"काल दुपारी दार लावून बसले होते. आज शीळ घालतायत. मला तर काहीच कळेनासं झालंय."

रविवारी बिनचूकरावांना जेवण गेलं नाही.

"अहो, समोर आले की सरळ सांगून टाका, चूक झाली म्हणून," बायको म्हणाली.

"सांगितलं तर खुर्ची जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ते स्वतःच्या डोळ्यांनी टाकी बघतील, आणि मग जाईल."

"म्हणजे सांगून जाते, आणि न सांगताही जाते. मग सांगूनच जाऊ दे की. निदान भात तरी पोटात जाईल."

सोमवारी सात वाजायला पाच मिनिटं असताना मोठे साहेब रस्त्याच्या टोकाला दिसले. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, तिच्यात गोल्फची एकच काठी. बुटांवर धूळ होती आणि कपाळावर घाम.

"साहेब, गाडी?" बिनचूकरावांनी विचारलं.

"चालतच जाता येतं, असं निरोपात होतं ना? घरून चालत आलो. पावणेदोन तास लागले."

टाकीवाल्यांनी परवानगीचा कागद तपासला, तासाची सुरुवात वहीत नोंदवली आणि बूट काढायला सांगितले. गोल्फच्या बुटांना खाली खिळे असतात आणि त्यांनी गवताखालचा डांबराचा थर फुटतो, मग टाकी गळते, हे त्यांनी समजावून सांगितलं. साहेबांनी मोजेही काढले. तिघं अनवाणी पायऱ्या चढून छतावर आले. गवतावर दव होतं. नऊ झेंडे हलकेच फडफडत होते. समोरच्या गॅलरीत बिनचूकरावांची बायको कपडे वाळत घालता घालता थांबली होती.

बिनचूकराव साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, ही पाण्याची टाकी आहे."

"हो. दिसतंय."

"चूक माझी आहे. डमीसाठी तात्पुरता फोटो टाकला होता. तुमचा शिक्का पडला आणि मी पान बदललं नाही. मालकांचा यात दोष नाही. तीन हजार प्रतींमध्ये तुम्ही जगाला पाण्याची टाकी वाटलीत, ती माझ्यामुळे."

साहेब काठीवर दोन्ही हात टेकून उभे होते. "शुक्रवारी मी तुमच्या मालकांना पत्र लिहायला घेतलं होतं," ते म्हणाले. "काम बंद, असं. दोन ओळी लिहून झाल्या. तिसऱ्या ओळीत हा पत्ता घालायचा होता म्हणून कागद पुन्हा बघितला. आणि लक्षात आलं, की हे माझ्या घरापासून सात किलोमीटर आहे. विमान लागत नाही."

"विमान?"

"मला विमानात बसता येत नाही." साहेबांनी टाकीवाल्यांकडे एकदा पाहिलं, ते वहीत मान घालून होते. "दार बंद झालं की श्वास अडकतो. बोटीचंही तसंच. तीनदा विमानतळापर्यंत गेलो. एकदा सामान पुढे गेलं आणि मी मागे फिरलो. माझ्या काठ्या जानेवारीच्या मैदानावर जाऊन आल्यात. मी नाही."

"म्हणजे बाकीची अकरा..."

"एकही नाही. वाचलंय सगळं. कुठल्या होलला वारा कुठून येतो, ते सांगीन. लोक ऑफिसात येतात, कॅलेंडर बघतात, 'साहेब, हे खेळलात?' विचारतात. मी म्हणतो, 'पुढच्या वर्षी.' एकवीस वर्षं चाललंय. इथल्या क्लबात खेळतो, तिथे सगळे जगभर फिरून आलेले. त्यांच्यात माझा फटका नीट बसत नाही." ते थांबले. "तुमच्या ऑगस्टवर मी दोनदा शिक्का मारला. कारण मजकूर वाचून वाटलं, तिथे माझ्या आधी कुणी गेलेलं नसणार."

"पंधरा मिनिटं झाली," टाकीवाले म्हणाले.

साहेबांनी खिशातून चेंडू काढला. टाकीवाल्यांनी आणखी दोन अटी सांगितल्या: फटका हळू मारायचा, कारण चारी बाजूंनी घरं आहेत, आणि गवत उकरायचं नाही. मग ते आपल्या कामाला लागले. रोज सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान पाण्याची पातळी मोजायची असे. त्यासाठी ते एकेक झाकण उघडून आत मापाची काठी सोडत, आकडा बघत आणि झाकण लावत. खेळ असो वा नसो, पातळीची नोंद चुकवायची नाही.

पहिले तीन फटके वाया गेले. चौथ्याला चेंडू कठड्याला लागून परत आला. पाचव्या वेळी साहेब कठड्याशी जाऊन उभे राहिले. लांब, पलीकडच्या टोकाला टाकीवाले नवव्या झाकणाशी वाकले होते. मापाची काठी आत सोडलेली होती आणि ते चष्मा शोधत खिसे चाचपत होते. साहेबांनी त्या काठीकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं, पुन्हा काठीकडे पाहिलं. बिनचूकरावांनी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

फटका हळूच बसला. चेंडू दवावर एक लांब रेघ ओढत गेला, उताराला किंचित डावीकडे वळला, काठीवर टक् करून आपटला आणि दिसेनासा झाला. खालून, खूप खोलून, 'डुबुक' असा आवाज आला.

साहेबांच्या हातातली काठी गळून पडली होती.

"एका फटक्यात होलमध्ये," ते कुजबुजले. "एकवीस वर्षांत पहिल्यांदा."

टाकीवाल्यांना चष्मा सापडला होता. त्यांनी भोकातून खाली पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. "सात सत्तावीस. पिण्याच्या पाण्यात परकी वस्तू," ते म्हणाले. "पुरवठा बंद करावा लागेल. टाकी उपसून धुवायची, मग भरायची. तीस तास."

"एका चेंडूसाठी?" बिनचूकराव ओरडले.

"नियमात आकार दिलेला नाही."

खाली खोलीत त्यांनी मुख्य झडप बंद केली, पुरवठा कार्यालयाला फोन केला आणि पंचनाम्याची वही उघडली. "घाबरू नका, साहेब," ते समजुतीनं म्हणाले. "माणूस नेमस्त आहे, अर्ज नीट आहे. मी लिहितो, 'खेळताना चेंडू अनवधानाने आत पडला.' काही कारवाई होत नाही. समज देऊन सोडतात."

"अनवधानानं?" साहेब म्हणाले.

"हो. चुकून."

"चुकून नाही पडला. मी मारला. नेम धरून."

टाकीवाल्यांनी लेखणी थांबवली. "तसं लिहिलं तर गुन्हा होतो. 'हेतुपुरस्सर.' तुमच्या नावाची नोटीस पुरवठा कार्यालयाच्या फलकावर तीस दिवस लागते. साहेबांपुढे... म्हणजे आमच्या साहेबांपुढे उभं राहावं लागतं."

"उभा राहीन. हेतुपुरस्सर लिहा. अंतरही लिहा."

"अहो, साहेब!" बिनचूकरावांनी अक्षरशः हात जोडले. "काय करताय हे? अख्ख्या वस्तीचं पाणी तोडलं म्हणून नाव लागेल तुमचं."

"बिनचूकराव, क्लबातला कुणी माझ्यावर विश्वास ठेवेल? पण पुरवठा खात्याच्या कागदावर ठेवावाच लागेल. शिक्का असेल त्यावर."

"साक्षीदार लागेल," टाकीवाले म्हणाले. "मी पाठमोरा होतो. हेतू मला दिसलेला नाही."

दोघांनी बिनचूकरावांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मालक उभे राहिले. छापखान्याचं अर्धं काम देणाऱ्या माणसाविरुद्ध, त्यानं पिण्याच्या पाण्यात मुद्दाम वस्तू टाकली अशी साक्ष, आणि ती पानं लावणाऱ्याच्या सहीनं! 'अनवधानाने' म्हटलं तर सगळे वाचत होते. एकच शब्द होता.

पण त्यांनी ते ओठ हलताना पाहिले होते.

"साहेबांनी आधी मापाच्या काठीकडे पाहिलं," ते सावकाश म्हणाले, "मग चेंडूकडे, मग पुन्हा काठीकडे. नेम धरला होता. एकच फटका." आणि त्यांनी सही केली. साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. टाकीवाले पुन्हा वर जाऊन अंतर पावलांनी मोजून आले: अडतीस. बिनचूकरावांनीही बरोबर जाऊन मोजलं. अडतीसच.

दुपारी हे कळल्यावर मालक आधी खाली बसले आणि मग खुर्ची शोधू लागले. "सही केलीत? तुम्ही? त्यांच्याविरुद्ध?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. संध्याकाळपर्यंत कारखान्याकडून फोन आला नाही. बिनचूकरावांनी आपली फूटपट्टी, रंगीत पेन्सिली आणि चहाचा कप एका खोक्यात भरून टेबलाखाली ठेवला. न्यायची वेळ आलीच तर शोधाशोध नको.

मंगळवारी सकाळी नळ कोरडे होते. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर उभा राहिला आणि त्याच्यापुढे रांग लागली. बिनचूकराव दोन बादल्या घेऊन रांगेत होते. बायको घरातली सगळी भांडी रिकामी करून मागून येणार होती.

"कुणी मेल्यानं चेंडू टाकला म्हणे टाकीत," पुढची बाई मागच्या बाईला सांगत होती. "आंघोळीवाचून मुलं शाळेत गेली माझी."

"चुकून पडला असेल हो."

"चुकून कसला! मुद्दाम! नेम धरून! कार्यालयात नोटीस लागलीय, आमच्या ह्यांनी वाचली. तेवढंसं भोक, आणि गड्यानं एका दमात घातला."

"किती लांबून म्हणालात?" मागून आवाज आला.

बिनचूकरावांनी वळून पाहिलं. मोठे साहेब रांगेत उभे होते. बुटांवर धूळ, हातात कोरी करकरीत रिकामी बादली. सात किलोमीटरवर, त्यांच्या घरच्या नळांना, भरपूर पाणी होतं.

"पन्नास पावलं तरी असेल," बाई म्हणाली.

"पन्नास?" रांगेतला एक म्हातारा कठोरपणे म्हणाला. "मी तर ऐंशी ऐकलं. आणि वारा समोरून."

"असला माणूस सापडला पाहिजे," कुणीतरी म्हणालं. "हात तोडले पाहिजेत त्याचे."

"पण हात आहे खरा," म्हातारा म्हणाला. "ते कबूल करायला पाहिजे."

साहेबांचे कान लाल झाले होते. ते बिनचूकरावांकडे झुकून हळूच म्हणाले, "मालकांना काल रात्री पत्र पाठवलंय. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर तुम्हीच लावायचं. तुमची खुर्ची हलली तर काम हलेल, असं स्पष्ट लिहिलंय. खरी साक्ष देणारा माणूस मला दुसरा कुठे मिळायचा?"

बिनचूकरावांनी मान हलवली.

"ओ, तुम्ही तर टाकीसमोरच राहता!" बाईनं त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "तुम्हाला माहीत असेल. नक्की किती पावलं?"

रांग वळून बघू लागली. साहेबही बघत होते. बिनचूकरावांनी तोंड उघडलं. आकडा जिभेवर होता, दोनदा मोजलेला.

"मोजली नाहीत," ते म्हणाले. "पण ऐंशी तरी असतील."

रांग पुढे सरकली. साहेबांनी त्यांची एक बादली आपल्या हातात घेतली.